मौज आणि सार्थकता यांचं वैर कुणी लावलं?

मराठी घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आयुष्य एकदाच मिळतं, मजा करून घ्यावी’ हे एक. दुसरं जरा वडीलकीच्या सुरात येतं, ‘नुसत्या मजेत काय ठेवलंय? जगण्याला काही अर्थ हवा.’ दोन्ही बोलणारी माणसं असं धरून चालतात की सुखाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि आपल्याला त्यातली एकच धरायची आहे. या समजुतीचा त्रास खऱ्या माणसांना होतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून दोन तास नाटकाला जाऊन आली तरी तिला आठवडाभर चोरट्यासारखं वाटत राहतं. पंचविशीतला मुलगा बरी नोकरी असूनही ‘माझं ध्येयच सापडलेलं नाही’ म्हणून कुढतो. म्हणूनच या समजुती एकदा नीट तपासायला हव्यात.

‘सुखवादी म्हणजे खा, प्या, मजा करा’

सुखवादाचं नाव निघालं की ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं नाव निघतं आणि डोळ्यांपुढे मेजवान्या येतात. प्रत्यक्षात अथेन्समधल्या त्याच्या बागेत राहणारी मंडळी अगदी साधं खात. पाव आणि पाणी हे त्याचं नेहमीचं जेवण. एका मित्राला त्याने लिहिलं होतं की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा चैन करता येईल. त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. देहाला वेदना नसावी, मनाला घोर नसावा, सोबत मित्र असावेत, एवढी त्याची सुखाची कल्पना होती. कीर्ती, सत्ता, अमाप पैसा यांची हाव त्याने पोकळ ठरवली होती.

आपल्याकडे चार्वाकांच्या वाट्यालाही असंच आलं. कर्ज काढून तूप पिणारे एवढीच त्यांची ओळख उरली, कारण त्यांचा मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला नाही. पोहोचलं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांनी केलेलं वर्णन. परंपरेने मात्र चार पुरुषार्थांत कामालाही जागा दिली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’

हा गैरसमज आता व्हॉट्सॲपपासून वर्तमानपत्राच्या पुरवणीपर्यंत सगळीकडे पसरला आहे. त्याचं मूळ १९५४ सालचं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले आणि मेंदूतलं ‘सुखाचं केंद्र’ सापडलं अशी सर्वांची समजूत झाली. पुढे त्या केंद्राशी डोपामिनचं नातं जोडलं गेलं.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकात या समजुतीला धक्का दिला. उंदराच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब पडला की तो मिटक्या मारतो, जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. तान्ह्या बाळाला गोड चाटवलं की तेही असंच करतं. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामिन नष्ट केलं. हे उंदीर समोर अन्न ठेवलं तरी हलत नसत, नळीने भरवलं नाही तर उपाशी मेले असते. पण जिभेवर गोड थेंब टाकताच ते पहिल्यासारख्याच मिटक्या मारत. थोडक्यात, गोडी शाबूत होती, ओढ संपली होती.

ओढ आणि गोडी यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी असते, हे कळलं की रात्री एक वाजता मोबाइलवर रील्स सरकवत बसलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. आपण त्याला सुखाच्या मागे लागलेला म्हणतो, पण त्याला सुख मिळतच आहे असं नाही. हवंहवंसं वाटत राहतं आणि गोडी मात्र केव्हाच आटलेली असते. अशा माणसाला ‘मौजमजा कमी कर’ असा उपदेश करणं चुकीचं आहे. त्याच्या दिवसात मौजच कमी पडते आहे.

‘लॉटरी लागो की अपघात होवो, माणूस पुन्हा तितकाच सुखी होतो’

हा दाखला १९७८च्या एका अमेरिकन अभ्यासावरून दिला जातो. त्यात लॉटरी लागलेले २२ जण होते आणि अपघाताने अपंगत्व आलेले २९ जण. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, हे खरं. पण अपघातग्रस्तांचं सुख इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं, हा अर्धा भाग सांगताना गळून जातो. स्वीडनमध्ये पुढे लॉटरी विजेत्यांचा कितीतरी मोठा अभ्यास झाला. मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा-पंधरा वर्षांनंतरही वाढलेलंच आढळलं. गरिबीत राहणाऱ्या माणसाला ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे ऐकवण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

‘अर्थपूर्ण जगलं की मन आपोआप आनंदी राहतं’

मला सगळ्यांत घातक वाटतो तो हा गैरसमज. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९७ प्रौढांना विचारलं की तुमचं आयुष्य किती सुखी आहे आणि किती अर्थपूर्ण. दोन्ही उत्तरं बरीचशी हातात हात घालून जाणारी होती, म्हणजे ज्यांना अर्थ गवसला होता ते बहुधा सुखीही होते. पण उरलेल्या फरकाकडे पाहिलं तेव्हा अर्थाच्या बाजूला चिंता आणि ताण जास्त दिसले. दुसऱ्यांसाठी काही करणं अर्थाशी जोडलेलं होतं, स्वतःच्या गरजा सहज भागणं सुखाशी.

टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांचा २००४चा अभ्यासही इथे आठवतो. आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग आठवून त्या वेळी कसं वाटत होतं हे त्यांनी लिहायचं होतं. टीव्ही पाहताना, खरेदी करताना, एवढंच काय पण स्वयंपाक करतानाही त्यांना मुलांना सांभाळताना वाटलं त्यापेक्षा बरं वाटलं होतं. याच स्त्रियांना ‘आयुष्यात काय मोलाचं?’ असं विचारलं असतं तर टीव्हीचं नाव किती जणींनी घेतलं असतं?

यावरून मुलं नकोत किंवा सेवा नको असं मुळीच ठरत नाही. ठरतं ते एवढंच की अर्थपूर्ण काम दमवतं आणि ते अर्थपूर्ण आहे म्हणून दमणूक कमी होत नाही. आजाऱ्याचं करणाऱ्या बाईला ‘केवढं पुण्य मिळतंय तुला’ म्हणणारे नातेवाईक तिचा एक रविवार स्वतःच्या अंगावर घेत नाहीत. पुण्याच्या शब्दांनी तिची पाठ दुखायची थांबत नाही. नाटकाचे ते दोन तास तिच्या सेवेतून वजा होत नाहीत. तिला उद्या पुन्हा उभं राहता यावं म्हणून ते लागतातच.

‘ध्येय सापडलं नाही तर आयुष्य फुकट’

‘इकिगाई’ हे पुस्तक मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचलं आहे. त्याच्या जोडीने एकमेकांत गुंतलेल्या चार वर्तुळांची आकृतीही फिरते: जे आवडतं, जे जमतं, जगाला जे हवं आहे आणि ज्याचे पैसे मिळतात. ही जपानी शहाणपणाची आकृती आहे असा आपला समज आहे. ती जपानी नाही. स्पेनमधल्या आंद्रेस झुझुनागा यांनी जीवनहेतू दाखवण्यासाठी ती काढली आणि मार्क विन यांनी २०१४ मध्ये एका लेखात तिच्या मधोमध ‘इकिगाई’ हा शब्द बसवला.

जपानमध्ये इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, या विषयावर मूलभूत लिहिलं ते मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ मध्ये. सेतो समुद्रातल्या नागाशिमा बेटावर कुष्ठरुग्णांसाठीच्या आरोग्यधामात त्या काम करत. तिथल्या माणसांना समाजाने कायद्यानेच वेगळं काढलं होतं आणि तो कायदा १९९६ पर्यंत टिकला. कामियांना दिसलं की आजार सौम्य असलेले कित्येक रुग्ण ‘आता कशासाठी जगायचं’ म्हणत खचले होते, तर काहींचा आजार गंभीर असूनही त्यांचा जगण्यातला रस कायम होता. तिथे पगार, व्यवसाय, जगाची मागणी यांचा प्रश्नच नव्हता. चार वर्तुळांच्या हिशेबाने तिथल्या एकाही माणसाला इकिगाई मिळाला नसता. जपानी माणूस आजही नातवंड, सकाळची कॉफी, बागेतलं झाड यांनाही आपला इकिगाई म्हणतो. त्यात रोजची मौज बसते.

आपल्याकडे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं राहिलं. घरच्यांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. आपल्या हाताला काम आहे, आपण कुणाच्या भिकेवर नाही, हा त्यांच्या जगण्याचा कणा झाला. पण आनंदवन तेवढ्यावर थांबलं नाही. तिथल्या रहिवाशांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि महाराष्ट्रभर फिरला. कामाने आत्मसन्मान दिल्यावर गाण्याची गरज उरत नाही, असं तिथे कुणी मानलं नाही.

‘अर्थ दुःखातूनच मिळतो’

नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे डॉ. व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव या दाव्यासाठी घेतलं जातं. फ्रँकल यांनी मात्र अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. काही निर्माण करणं ही एक आणि प्रेम किंवा सौंदर्याचा अनुभव ही दुसरी. टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो, ही तिसरी. टाळता येण्याजोगं दुःख सोसत बसण्यात त्यांना काहीही थोर वाटत नव्हतं. ते स्वतः हौशी गिर्यारोहक होते आणि सदुसष्टाव्या वर्षी विमान चालवायला शिकले.

एक सावधगिरीही हवी. अर्थपूर्ण जगण्याने जनुकांचं काम सुधारतं आणि मौजेने ते होत नाही, अशी बातमी २०१३ मध्ये गाजली. तो अभ्यास अवघ्या ८० जणांवर होता. पुढच्याच वर्षी टीकाकारांनी दाखवून दिलं की त्यातल्या प्रश्नावलीचे प्रश्न कसेही वाटून गट पाडले तरी तसेच निष्कर्ष हाती येतात. अशा बातम्यांच्या आधारे कुणाची मौज हिरावून घेऊ नये.

उलट दिशेचा एक अभ्यास मला जास्त पटतो. मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की ज्या दिवशी मन प्रसन्न असतं, त्या दिवशी माणसाला आयुष्यही जास्त अर्थपूर्ण वाटतं. नैराश्याच्या उपचारात हे फार आधीपासून धरलेलं आहे. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या पद्धतीत रुग्णाला दिवसभरातली कामं लिहायला सांगतात आणि प्रत्येक कामापुढे दोन आकडे मांडायला लावतात: किती मजा आली आणि काहीतरी जमलं असं किती वाटलं. पुढच्या आठवड्याच्या आखणीत दोन्ही प्रकारची कामं घालतात. चहा घेत मित्राशी गप्पा आणि रखडलेलं वीजबिल भरणं, दोन्ही एकाच कागदावर येतात. आणि ज्याच्या बाबतीत आठवडेच्या आठवडे दोन्ही रकाने रिकामे राहतात, त्याला सुखाची वाट सुचवत बसू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावं, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावावा. तिथे मराठीतही बोलता येतं.