काळजातील मेद

मराठी माणूस ‘काळीज’ म्हणताना छातीवर हात ठेवतो. पण खाटकाकडे कलेजी मागितली तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. आणि शब्दार्थाने खाटिकच बरोबर आहे! उजव्या बरगड्यांखालील सुमारे दीड किलोचे हे इंद्रिय सहसा दुखत नाही. मेदयुक्त यकृताचा, म्हणजे ‘फॅटी लिव्हर’चा, सारा धोका या मुकेपणात आहे.

यकृत बिघडले म्हणजे माणूस पीत असणार, हे समीकरण आपल्याकडे पक्के बसले आहे. दारूने यकृत बिघडते हे खरेच. परंतु १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दारूच्या आहारी न गेलेल्या २० रुग्णांच्या यकृतात तसाच मेद व तसाच दाह पाहिला आणि त्या विकाराला वेगळे नाव दिले. एखाद्या निर्व्यसनी मावशीला हे निदान झाल्यावर कुजबुजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

रोमन लोक हंसांना अंजिरे चारून त्यांचे यकृत फुगवीत. लॅटिनमधील अंजिराच्या ‘फिकस’ या शब्दावरूनच पुढे यकृताला इटालियनमध्ये ‘फेगातो’ व फ्रेंचमध्ये ‘फ्वा’ ही नावे पडली. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही गंमत वाटेल. शरीरशास्त्र मात्र आपल्यालाही तेच लागू आहे. दिवसभर गोड चहा, शीतपेये, वडापाव आणि बैठक! खर्च न झालेल्या साखरेचा यकृत मेद बनवते. इन्सुलिनचा प्रभाव मंदावला की शरीरातील इतर चरबीही तेथे येऊन साठते. शेकडा पाचांहून अधिक पेशींत मेद दिसला की तो विकार समजतात. काहींच्या बाबतीत पुढे दाह, मग व्रण आणि शेवटी सिरॉसिस. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सुटलेले पोट पुरेसे सूचक असते.

आरंभी मात्र ही वाट उलटी चालता येते. वजन शेकडा सात ते दहाने उतरले, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीचे ६ ते ८ किलो, तर मेदाबरोबर दाहही ओसरू शकतो. हे महिनोन् महिने हळूहळू व्हावे. कडकडीत उपासाने झपाट्याने वजन उतरवणे यकृताला बाधते. रोज भरभर चालावे, शीतपेये सोडावीत, दारू तर नकोच. २०२४ साली अमेरिकेत या विकारावरील पहिले औषध मंजूर झाले, तेही आहार-व्यायामाच्या जोडीने घ्यावयाचे. मधुमेह्यांनी सोनोग्राफी व रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे, आणि अहवालात ‘थोडी चरबी’ असे लिहून आले तर तो कागद कपाटात ठेवू नये.