ऑनलाइन व्यावसायिक चर्चेतील सभ्यता : लिनक्स समुदायाचा अनुभव आणि न्यायशास्त्रातील वादविचार

प्रस्तावना :

समव्यावसायिकांची चर्चा इतर संभाषणाहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी असते. दुसऱ्याच्या कामातील चूक दाखविणे हे तेथे कर्तव्यच मानले जाते. त्यामुळे सर्वांनी गोड बोलावे, एवढ्या उपदेशाने तेथील सभ्यतेचा प्रश्न सुटत नाही. अभ्यासमंडळाच्या बैठकीत सहकारी आपल्या मसुद्यातील दोष दाखवितो, तेव्हा त्याचा चेहरा, स्वर आणि बैठकीनंतरचा चहा शब्दांची धार कमी करतात. ऑनलाइन चर्चेत मात्र केवळ लिखित शब्द उरतो आणि तो अनेकांसमोर दीर्घकाळ राहतो. परखडपणा कायम ठेवून अशा चर्चेत सभ्यता कशी राखता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद, जल्प आणि वितंडा :

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे स्वपक्षाचे मंडन व परपक्षाचे खंडन करीत सत्याचा शोध घेणे म्हणजे वाद. जिंकण्यासाठी छल, जाती यांसारख्या युक्त्यांचाही अवलंब करणे म्हणजे जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे ही वितंडा होय. (मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आपण कोणत्याही हुज्जतीला लावतो, मूळ अर्थ याहून नेमका आहे.) येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, खंडन हा वादाचाही घटक आहे. केवळ खंडन केले म्हणून चर्चा असभ्य ठरत नाही.

न्यायसूत्रांनी जल्प व वितंडा पूर्णतः त्याज्य मानलेले नाहीत. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तत्त्वज्ञानाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग मान्य केला आहे. परंतु कुंपणाची जागा शेताच्या कडेला असते.

लिनक्सचा अनुभव :

१९९१ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, काम जगभरातील अभियंते प्रामुख्याने ई-मेलवरील खुल्या चर्चेतून करतात. कोणी सुधारणा पाठविली की, इतर जण ती सर्वांसमक्ष तपासतात. या चर्चेत टॉर्वाल्ड्स यांची भाषा अनेकदा अत्यंत कठोर, प्रसंगी अपमानकारक असे. निकृष्ट काम आत येऊ नये म्हणून असा कठोरपणा आवश्यक आहे, हे त्याचे समर्थन म्हणजे एक प्रकारे कुंपणाचाच युक्तिवाद होता. येथे मात्र काटे शेतात पसरले. यूएसबी ३.० चे काम सांभाळणाऱ्या एका अभियंत्याने २०१३ मध्ये या भाषेला जाहीर आक्षेप घेतला आणि २०१५ मध्ये कर्नेलच्या कामातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. जे अशा रीतीने सांगून जातात, त्यांची नोंद राहते. पहिलाच प्रश्न न विचारता जे निघून जातात, त्यांची गणना कोणीही करीत नाही.

मार्च २०१५ मध्ये एक छोटे निवेदन स्वीकारण्यात आले व तक्रारीसाठी तांत्रिक सल्लागार मंडळाचा मार्ग खुला झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते, खरी अडचण निराळी होती. ज्यांच्या भाषेबद्दल तक्रार, त्यांचाच शब्द कामात अंतिम होता. १६ सप्टेंबर २०१८ रोजी टॉर्वाल्ड्स यांनी आपल्या वैयक्तिक हल्ल्यांबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास सविस्तर आचारसंहिता लागू झाली. यामुळे गुणवत्ता खालावेल, अशी भीती तेव्हा काहींनी व्यक्त केली. पण सदोष सुधारणा आजही स्पष्ट शब्दांत नाकारल्या जातात. नकाराचे कारण सुधारणेत दाखवावे, ती पाठविणाऱ्याच्या बुद्धीत नव्हे, एवढीच अपेक्षा आहे.

२०२४ मध्ये एका महत्त्वाच्या घटकाच्या प्रमुख विकासकाने सहकाऱ्याबद्दल अपमानकारक भाषा वापरली. अपमान जाहीर असल्याने क्षमाही जाहीर असावी, अशी आचारसंहिता समितीची भूमिका होती. ती न आल्याने ६.१३ या आवृत्तीच्या निर्मितिकाळापुरता त्याचा सहभाग मर्यादित करण्यात आला. ही कारवाई मुदतबंद होती, तिचे कारण सर्वांना कळविण्यात आले होते आणि संबंधित व्यक्तीचे तांत्रिक योगदान मोठे म्हणून ती टाळली गेली नाही.

आपले विषयगट :

महाविद्यालयीन अध्यापकांच्या विषयवार ऑनलाइन गटांत नियमावली बहुधा नसतेच. असली तरी शुभेच्छासंदेश पाठवू नयेत, इतपतच असते. तासिका तत्त्वावर काम करणारा एखादा तरुण अध्यापक नव्या अभ्यासक्रमातील घटकाविषयी शंका विचारतो आणि एखादे ज्येष्ठ सहकारी ‘एवढेही ठाऊक नाही का?’ असे लिहितात. प्रश्नाचे उत्तर राहूनच जाते. तक्रार करावी तर गटाचे व्यवस्थापक तेच ज्येष्ठ असतात आणि पुढील वर्षीच्या मुलाखतीच्या वेळी समितीतही कदाचित तेच बसलेले असतात. म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती निदान दुसऱ्या महाविद्यालयातील असावी, ही सूचना येथे करावीशी वाटते.