विश्लेषण : बर्फाच्या उतारासाठी हजारो किलोमीटर दूरचे कॉलेज… अमेरिकी विद्यार्थी स्कीइंग पाहून प्रवेश का घेतात?

पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी रविवारी सिंहगड चढतो, पण सिंहगडासाठी पुण्याचे कॉलेज निवडले, असे तो घरी सांगत नाही. अमेरिकेत मात्र इलिनॉय, टेक्सास किंवा न्यू जर्सीतला बारावीचा विद्यार्थी यूटा, कोलोरॅडो, मोंटाना किंवा व्हरमाँटमधले विद्यापीठ निवडतो तेव्हा ‘जवळ स्कीइंग आहे’ हे कारण उघडपणे सांगतो. पालकही ते मान्य करतात. प्रश्न असतो तो पैशांचा. प्रवेश कुठे घ्यायचा हे बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत कळवावे लागते. डोंगराची खरी किंमत किती, हा हिशेब त्याआधी व्हायला हवा. अनेक घरांत तो होत नाही.

कोणती विद्यापीठे यासाठी ओळखली जातात?

सॉल्ट लेक सिटीतील यूटा विद्यापीठ हे यातले ठळक उदाहरण. अल्टा, स्नोबर्ड, ब्रायटन आणि सॉलिट्यूड ही चारही स्की केंद्रे शहरालगतच्या दोन दऱ्यांत आहेत. रस्ता मोकळा असेल तर कॅम्पसपासून तासाभरात पोहोचता येते. अल्टाला 2022-23 च्या हंगामात 903 इंच, म्हणजे जवळपास 23 मीटर बर्फ पडला होता. याच विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 2002 च्या हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. खेळाडूंसाठी कॅम्पसवर उभारलेली घरे पुढे विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली. 2034 चे हिवाळी ऑलिम्पिकही यूटाला मिळाले आहे.

मोंटाना स्टेट विद्यापीठ बोझमन शहरात आहे. तिथून साधारण 25 किलोमीटरवर ब्रिजर बोल हे ना-नफा तत्त्वावर चालणारे स्की केंद्र आहे, तर बिग स्की तासाभराच्या अंतरावर. बोल्डरमधील कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एल्डोरा केंद्रावर बसने जाता येते. पूर्वेकडे बर्लिंग्टनचे व्हरमाँट विद्यापीठ आहे. ते राज्याचे असले तरी तिथे व्हरमाँटचे रहिवासी विद्यार्थी अल्पसंख्य आहेत.

काही संस्थांच्या मालकीचा तर स्वतःचा डोंगर आहे. डार्टमथ आणि मिडलबरी ही कॉलेजे आपापली स्की केंद्रे चालवतात. मिशिगन टेक विद्यापीठाकडे माँट रिप्ली आहे. मिडलबरीत फेब्रुवारीत पदवी पूर्ण करणारे विद्यार्थी झगा आणि टोपी घालून स्कीवरून उतार उतरतात. बर्फ हा इथे कॉलेजच्या ओळखीचाच भाग आहे.

हे सगळे खेळाडू असतात का?

नाही. स्पर्धात्मक स्कीइंग हा वेगळा आणि लहान विषय आहे. आंतरविद्यापीठ संघटना एनसीएएची स्की स्पर्धा 1954 पासून होते. डेन्व्हर विद्यापीठाने ती सर्वाधिक वेळा जिंकली, तर यूटाने 2021 ते 2023 अशी सलग तीन वर्षे. या संघांत युरोपातून आलेले खेळाडूही बरेच असतात, जागा मोजक्या असतात. डोंगरासाठी घर सोडणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना शर्यत लावायची नसते. त्यांना मंगळवारी आणि गुरुवारी सगळे वर्ग उरकून उरलेले दिवस मोकळे ठेवायचे असतात.

डोंगर आणि अभ्यास जुळतो अशी उदाहरणेही आहेत, पण थोडी. मोंटाना स्टेटमध्ये हिमविज्ञानाचा अभ्यास आणि हिमस्खलनावर संशोधन होते. कोलोरॅडो माउंटन कॉलेजच्या लेडव्हिल कॅम्पसवर स्की केंद्र कसे चालवायचे, हेच शिकवले जाते.

विद्यापीठांना यातून काय मिळते?

इथे गोष्ट रंजक होते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठाची फी राज्यातील रहिवाशाला कमी आणि बाहेरच्याला जास्त असते. कोलोरॅडो विद्यापीठात हा फरक तिपटीच्या आसपास जातो. 2008 च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी उच्च शिक्षणाचे अनुदान कापले, तेव्हा विद्यापीठांनी बाहेरून येणाऱ्या आणि पूर्ण फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. ज्यांच्याकडे डोंगर होता, त्यांना जाहिरातीसाठी फार काही शोधावे लागले नाही. माहितीपत्रकावर ग्रंथालयाइतकाच बर्फाळ सुळका दिसतो, तो उगाच नाही. विद्यार्थ्याला वाटते, आपण डोंगर निवडला. प्रत्यक्षात विद्यापीठानेही जास्त फी भरणारे घर निवडलेले असते.

म्हणजे स्कीइंगचा एक दिवस केवढ्याला पडतो?

डोंगरावरचा खर्च आता पूर्वीसारखा नाही. व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने 2008 मध्ये एपिक पास 579 डॉलरला आणला आणि हंगामभराचा पास सामान्यांच्या आवाक्यात आला. 2018 मध्ये अल्टेरा कंपनीचा आयकॉन पास आला. दोन्हींत कॉलेज विद्यार्थ्यांना सवलत मिळते. याउलट गर्दीच्या दिवशी व्हेलचे एका दिवसाचे तिकीट 300 डॉलरच्या पुढे गेले आहे. त्यामुळे वारंवार जाणाऱ्याला पास स्वस्त पडतो आणि जवळ राहण्याचे आकर्षण वाढते.

पण फी त्या हिशेबात धरली की चित्र बदलते. समजा, घरच्या राज्यातील विद्यापीठ आणि डोंगराजवळचे विद्यापीठ यांच्या फीत वर्षाला 25 हजार डॉलरचा फरक आहे. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यातून सत्रपरीक्षा आणि नाताळात घरी जाण्याचे दिवस वजा करा. आठवड्याला दोन-तीन दिवस जाणारा हौशी विद्यार्थी 40 दिवस गाठेल. म्हणजे एका दिवसाला 625 डॉलर. पास, बूट आणि गाडीचे इंधन वेगळे. एवढ्या पैशांत घरच्या कॉलेजात राहून दर हिवाळ्यात आठवडाभर विमानाने डोंगरावर जाऊन येता येईल आणि बरेच उरतील. शैक्षणिक कर्ज काढून हा फरक भरणाऱ्या घरासाठी हा आकडा गमतीचा राहत नाही. अर्थात, हवा तो विषय डोंगराजवळच उत्तम शिकवला जात असेल किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर हे गणित लागू होत नाही.

फी कमी करण्याचा मार्ग आहे का?

दोन मार्ग आहेत. पश्चिमेकडील राज्यांची ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ ही योजना आहे. तिच्यात शेजारच्या सहभागी राज्यातील विद्यार्थ्याला रहिवाशाच्या फीच्या दीडपटीपर्यंतच फी लागते. कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग होऊ शकतो, इलिनॉयच्या नाही. शिवाय, मोठी मागणी असलेली विद्यापीठे अशा जागा मर्यादित ठेवतात.

दुसरा मार्ग अधिवासाचा. यूटात सलग 12 महिने राहून, तिथला वाहन परवाना आणि मतदार नोंदणी यांसारखे पुरावे देऊन रहिवासी फी मिळवता येते. त्यामुळे पहिले वर्ष महाग आणि पुढची तीन स्वस्त, असा बेत अनेक जण आखतात. त्यासाठी उन्हाळ्यातही घरी न जाता तिथेच काम करत राहावे लागते. मोंटानात निव्वळ शिक्षणासाठी राहिलेला काळ सहसा धरला जात नाही. कोलोरॅडोत तरुण पदवी विद्यार्थ्याचा अधिवास पालकांच्या घरावरून ठरतो. महाराष्ट्रातून एमएससाठी बोल्डर किंवा सॉल्ट लेक सिटीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला अधिवासाची ही सवलत साधारणपणे मिळत नाही.

तिथे गेल्यावर काय अनुभव येतो?

अंतर कागदावर कमी असते. बर्फ पडलेल्या शनिवारी सॉल्ट लेकच्या लिटल कॉटनवुड दरीत गाड्यांची रांग लागते. ती इतकी गंभीर, की राज्याच्या वाहतूक विभागाने 2023 मध्ये तिथे केबल कारचा पर्याय निवडला आणि स्थानिकांत वाद पेटला. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-70 महामार्गाचीही तीच गत. बोझमनमध्ये घरभाडे इतके वाढले आहे, की वसतिगृह सोडल्यावर खोली शोधणे हेच मोठे काम होते.

धोकाही असतो. आखलेल्या उतारांबाहेर, मोकळ्या डोंगरात जाण्याचा मोह तरुणांना होतो. फेब्रुवारी 2021 मध्ये सॉल्ट लेकजवळच्या मिलक्रीक दरीत हिमस्खलनात चौघांचा मृत्यू झाला, चौघेही विशीतले. ब्रिजर बोलच्या माथ्यावरील भागात हिमस्खलनात शोध घेण्यासाठीचे ट्रान्समीटर यंत्र अंगावर असल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गुडघ्याचे अस्थिबंध तुटणे ही त्याहून नेहमीची दुखापत. घरापासून हजारो किलोमीटरवर शस्त्रक्रिया करून, कुबड्या घेऊन, बर्फातून वर्गापर्यंत जावे लागते. पालकांचा आरोग्य विमा दुसऱ्या राज्यात कितपत चालतो, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेले बरे.

बर्फाचा भरवसा किती?

तो दरवर्षी कमी होतो आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, 1960 ते 1979 या काळाच्या तुलनेत 2000 ते 2019 दरम्यान अमेरिकेतील स्की हंगाम सरासरी पाच ते सात दिवसांनी आखडला. व्हरमाँटसारख्या कमी उंचीच्या भागात कृत्रिम बर्फाशिवाय भागत नाही. चार वर्षांच्या पदवीत एखादा हिवाळा कोरडा जाणे आता नवलाचे नाही. फीचा हप्ता मात्र त्या हिवाळ्यातही तेवढाच असतो.