वकिली आणि हलाल रोजी

मुलाने किंवा मुलीने "मला वकील व्हायचे आहे" म्हटले की आपल्या अनेक घरांत वडीलधारी माणसे गप्प होतात. "खोट्याचे खरे करायचे, त्या कमाईत बरकत कसली?" असेही ऐकवले जाते. ही शंका आम्ही उडवून लावत नाही. पण तिचे उत्तर देणारी एक खरी हकिगत सांगतो.

रॉबर्ट बिलॉट हे अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचे वकील. 1990 पासून ते एका मोठ्या फर्ममध्ये होते. रासायनिक कंपन्यांना पर्यावरणाचे कायदे व सरकारी नियम समजावून सांगायचे, हे त्यांचे काम. म्हणजे बाजू कंपन्यांची.

1998 मध्ये पार्कर्सबर्गजवळचा एक शेतकरी व्हिडिओ कॅसेटी घेऊन त्यांच्याकडे आला. ड्युपॉन्ट कंपनी जिथे कचरा टाकत होती, तिथून वाहत येणाऱ्या ओढ्याचे पाणी पिऊन त्याच्या गाई मरत होत्या. बिलॉट यांची आजी त्याच भागातली. त्या ओळखीवर तो आला होता. बिलॉट यांनी खटला घेतला.

न्यायालयाच्या आदेशाने कंपनीला एक लाखाहून अधिक पाने द्यावी लागली. बिलॉट यांनी ती स्वतः वाचली. त्यांत एका रसायनाचे नाव सतत येत होते: सी-8. नॉनस्टिक भांड्यांवरचा टेफ्लॉनचा थर तयार करताना ते वापरत. ते अपायकारक आहे आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले आहे, हे कंपनीला आधीपासून माहीत होते. ही कागदपत्रे त्यांनी 2001 मध्ये सरकारी यंत्रणेपुढे ठेवली.

पुढे गावकऱ्यांचा सामूहिक दावा झाला. 2004 च्या तडजोडीनंतर सुमारे 70 हजार लोकांनी तपासणीसाठी रक्त दिले. मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची शक्यता तज्ज्ञांनी मांडली. 2017 मध्ये साडेतीन हजारांहून अधिक दाव्यांपोटी 67 कोटी 10 लाख डॉलर देण्याचे ठरले. शेतकरी दारात आल्यापासून जवळजवळ वीस वर्षे गेली होती. एवढा सब्र हवा.

ज्या ज्ञानावर कंपन्यांचे काम चाले, तेच ज्ञान पीडितांच्या कामी आले. इल्म ही अमानत आहे. ती कोणासाठी वापरली, यावर रोजीची बरकत ठरते. न्यायाची साक्ष देताना आप्तांचीही भीड धरू नका, ही सूरह निसाची शिकवण आहे. साचलेले पाणी घाण करू नका, असे आपल्या नबींनी (स.) बजावले आहे.

आपल्याकडेही 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. बारावीनंतर पाच वर्षांत किंवा पदवीनंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. तेव्हा घरातल्या लेकराने वकिलीचे नाव काढले, तर त्याला अडवू नका. फक्त एवढेच विचारा, "बेटा, तू कोणाच्या बाजूने उभा राहशील?"