बोटीच्या काठाला काजळाची तीट

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी चढलं 55 फुटांच्याही वर! कोल्हापुरात जिथं गाड्या धावायच्या तिथं बचावाच्या बोटी फिरू लागल्या. गल्लीत शिरलेली बोट कशाकशाला घासत असेल? कंपाउंडची भिंत, विजेचा खांब, खिडकीचे गज.

अशा वेळी फायबरच्या मोटरबोटीला सांभाळते ती काठाभोवतीची पट्टी, रब रेल. फायबर बोटीचा खालचा आणि वरचा भाग वेगवेगळ्या साच्यांतून निघतो आणि त्यांचा जोड बहुधा याच पट्टीखाली झाकलेला असतो. म्हणजे जिथं जोड, तिथंच मार!

पट्टी नेमकं करते काय? उत्तर कोल्हापुरातल्या खासबाग कुस्ती मैदानात आहे. पैलवान लाल मातीत आपटतो आणि लगेच उठतो. तोच फरशीवर आपटला तर? वजन तेच, वेग तोच. माती दबते, फरशी दबत नाही, एवढाच फरक. आता हिशेब बघा. 500 किलोची बोट सेकंदाला 1 मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगानं, भिंतीला धडकली. 1 मिलिमीटरात थांबली तर सरासरी 25 टन वजनाएवढा जोर बसतो. पट्टी अडीच सेंटिमीटर दबली, तर फक्त 1 टन!

मग पट्टी कशाची घ्यावी? सागवान देखणं आणि टिकाऊ, पण दबतं किती? स्टेनलेस स्टील घासलं तरी फारसं झिजत नाही, पण धक्का सरळ स्क्रूंकडे सोपवतं. पीव्हीसी स्वस्त, मात्र त्याला मऊ ठेवणारा द्रव वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो आणि पट्टी कडक होते.

उरलं रबर. पुराची बोट वर्षाचे बहुतेक दिवस उन्हातच उभी. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब साखळीत काही कड्या कच्च्या असतात. हवेतला ओझोन नेमक्या त्याच तोडतो आणि भेगा पडतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत तसली कच्ची कडीच नाही! गाडीच्या दाराभोवतीचं काळं रबर आठवा, ते बहुधा हेच. आणि तो काळा रंग? चक्क काजळी! ती उन्हातले अतिनील किरण स्वतः गिळते, वर रबराला बळकटीही देते. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई तीट लावते. इथं उन्हाची दृष्ट काजळानं खरोखरच टळते.

उन्हाला न डगमगणारं हे रबर पेट्रोल-ऑइलनं मात्र फुगतं. तेव्हा इंधन सांडलं तर लगेच पुसा.

पुराच्या बोटीसाठी माझी निवड ठरलेली: ईपीडीएमची जाड, पोकळ, काळी पट्टी. आणि तुमच्या गावात अशी बोट असेल, तर मे महिन्यातच तिची पट्टी अंगठ्यानं दाबून बघा. दबली आणि परत वर आली तर ठीक. कडक लागली किंवा भेगा दिसल्या, तर पाऊस सुरू होण्याआधी बदला.