सागरतळीचा लांब सर्प

नावे ठेवण्याच्या बाबतीत नॉर्वेची माणसे मोठी रसिक दिसतात. आपल्याकडे समुद्राखालच्या तेलाच्या नि वायूच्या क्षेत्रांना बहुधा अक्षरे आणि आकडे चिकटवतात. नॉर्वेकरांनी मात्र आपल्या एका वायुक्षेत्राला ‘ओर्मेन लांगे’, म्हणजे ‘लांब सर्प’, असे नाव दिले. मुळात हे नाव एका जहाजाचे. हजार वर्षांपूर्वी ओलाव ट्रिग्व्हासन नावाचा राजा तिथे राज्य करीत होता. त्याच्या या युद्धनौकेवर वल्ह्यांच्या 34 जोड्या होत्या, असे जुन्या कथा सांगतात. इ. स. 1000 च्या सुमारास स्वोल्डरच्या लढाईत हरल्यावर राजाने याच नौकेवरून समुद्रात उडी घेतली, ती कायमचीच. नौका गेली, राजा गेला. नाव तेवढे उरले.

त्या नावाचे वायुक्षेत्र 1997 साली सापडले. ते किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटर दूर असून लांबी 40 किलोमीटर, रुंदी मात्र आठ-दहाच. आत वायू किती? प्रारंभीचा अंदाज सुमारे 40,000 कोटी घनमीटरांचा होता. एवढे घबाड हाती लागल्यावर कोण स्वस्थ बसेल? पण घबाडाच्या वाटेवर विघ्ने बसलेली असतात, हे आपल्या आजीबाईंच्या गोष्टींतले सत्य इथेही खरे ठरले.

पहिले विघ्न खोलीचे. आपल्या मुंबई हायला 1974 साली तेल लागले, तिथे समुद्र साधारण 75 मीटर खोल. तळावर पोलादी पाय रोवून वर फलाट उभारता येतो, माणसे त्यावर राहून काम करतात. ओर्मेन लांगेवर पाणी 800 ते 1,100 मीटर. पहिल्या विहिरी जिथे खणल्या तिथे अकरा कुतुबमिनार एकावर एक रचले, तरी वरचा कळस पाण्याखालीच राहील! तिथे पाणबुड्या माणूस उतरू शकत नाही. पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या ऐंशी-पंचाऐंशी पट. त्यातून तळाचे पाणी शून्य अंशाच्याही खाली गेलेले; केवळ खारेपणामुळे गोठत नाही इतकेच.

दुसरे विघ्न याहून भयंकर. हे क्षेत्र आहे ते ‘स्टोरेग्गा’ नावाच्या प्रचंड दरडीच्या खाचेत. सुमारे 8,200 वर्षांपूर्वी इथला समुद्रतळ ढासळला. घाटात दरड कोसळली की आपण दोन दिवस हळहळतो. इथे सुमारे 3,000 घनकिलोमीटर माती सागरतळावरून शेकडो किलोमीटर वाहत गेली. तिने उठवलेल्या लाटेने नॉर्वेचा नि स्कॉटलंडचा किनारा झोडपला. शेटलंड बेटांवर वीस मीटरांहून उंच जागी त्या लाटेने टाकलेली वाळू आजही सापडते.

आता खरा प्रश्न उभा राहिला. अशा जागी विहिरी खणल्या आणि दरड पुन्हा सुटली तर? मग नुकसान एका कंपनीचे नव्हे. किनाऱ्यावरच्या निजलेल्या गावांचे. वायू विकून येणारा पैसा त्यांना परत उठवणार नव्हता.

नॉर्वेकरांनी घाई केली नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. भूशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे तळ धुंडाळला, मातीचे नमुने काढले, उतारांचे गणित मांडले. निष्कर्ष असा निघाला, की हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी मऊ चिकणमातीवर भराभर गाळाचे थर आणून टाकले होते. मातीतल्या पाण्याला निघायला वाट उरली नाही आणि दाब साचला. पुढे बर्फ वितळले, जमिनीवरचा भार हलका झाला, ती वर उचलली जाऊ लागली. त्यातून बहुधा मोठा भूकंप होऊन हा डोलारा कोसळला. तेव्हा तसा उत्पात पुन्हा व्हायचा, तर आधी नवे हिमयुग येऊन नवा गाळ साचायला हवा. हा निर्वाळा मिळत गेला, तेव्हाच पाऊल पुढे पडले. 2004 साली नॉर्वेच्या संसदेने योजनेला संमती दिली.

पुढची करामत पाहण्यासारखी आहे. समुद्रावर फलाट उभारलाच नाही. विहिरींची तोंडे तळावर पोलादी चौकटींत बसवली. दुरून चालवायच्या यंत्रांनी झडपा जोडल्या. दरडीच्या ढेकळांनी ओबडधोबड झालेल्या तळावरून, कुठे उंचवटे तासून तर कुठे दगडांची भर घालून, दोन नळ न्यहामना येथील किनाऱ्यापर्यंत नेले. पण थंडी आणि दाब एकत्र आले, की वायू व पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ बनतो आणि नळाचा गळा आवळतो. त्यावर उपाय म्हणून किनाऱ्यावरून बारीक नळ्यांनी ग्लायकॉल विहिरींपर्यंत पाठवतात. मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून थंड देशांत वापरतात, तेच हे द्रव्य. वायूबरोबर ते परत येते, गाळून पुन्हा धाडले जाते. घरातली काटकसरी गृहिणी तळणाचे तेल गाळून ठेवते, त्यातलाच हा प्रकार!

2007 च्या सप्टेंबरात वायू वाहू लागला. न्यहामनाहून इंग्लंडच्या ईझिंग्टनपर्यंत 1,166 किलोमीटरांची ‘लांगेलेड’ नळवाहिनी टाकली होती; तेव्हा सागराखालची ती जगातली सर्वांत लांब वाहिनी. ब्रिटनच्या गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा भागवण्याइतकी तिची क्षमता.

तथापि भूमातेच्या पोटातले सारेच अंदाज खरे ठरत नाहीत. साठ्याचा आकडा पुढे कमी करावा लागला. आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातही असेच घडले: 2009 साली खोल समुद्रातून वायू निघू लागला, अपेक्षेपेक्षा लवकर ओसरला आणि ती पहिली क्षेत्रे 2020 साली बंद झाली, पुढे त्याच भागात नव्या क्षेत्रांतून वायू मिळू लागला.

समुद्रमंथनात वासुकी सर्पाची दोरी केली होती आणि अमृताआधी हलाहल निघाले होते. या लांब सर्पाच्या मंथनातून ऊब मिळते, चुली पेटतात. आणि वायू जळल्यावर हवेत कार्बनचे विषही थोडेथोडे साचते. कोळशाहून ते कमी, पण विषच. ते कंठात धरणारा नीलकंठ आता कुठून आणणार? म्हणून दिव्यांच्या या दिवसांत ओर्मेन लांगेकडून घ्यायचे ते धाडस नव्हे, तर धाडसाआधीचे सबूर विचारणे: आपण घेऊ ते घेताना तळ ढासळणार नाही ना?