परिसराचे सक्रियण आणि आज्ञावलीचे दोषशोधन

भाषाविषयक संशोधनात शब्दगणनेसाठी पायथन या संगणकभाषेचा उपयोग आता सर्रास केला जातो. ‘व्हीएस कोड’ या संपादकात एकच आज्ञावली टर्मिनलमधून चालविली असता एक उत्तर देते आणि डीबगरमधून चालविली असता दुसरे, असा अनुभव पुष्कळदा येतो. या विसंगतीचे मूळ बहुधा गणनेच्या रीतीत नसून ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’च्या सक्रियणात असते. या व्यवस्थेला येथे ‘परिसर’ म्हटले आहे.

परिसर निर्माण करणारे ‘व्हेन्व्ह’ हे साधन पायथनच्या ३.३ या आवृत्तीपासून (२०१२) मूळ संचातच समाविष्ट आहे. परिसर म्हणजे वस्तुतः एक फोल्डर होय. त्यात स्वतःचा इंटरप्रिटर व स्वतंत्र ग्रंथालये असतात. सक्रियण म्हणजे ‘पाथ’ या स्थानसूचीच्या आरंभी त्या फोल्डरचा पत्ता जोडणे, एवढेच. हा बदल ज्या टर्मिनलमध्ये केला, त्यापुरताच मर्यादित राहतो. शेजारच्या टर्मिनलला त्याची वार्ताही नसते.

डीबगर मात्र निराळ्या मार्गाने जातो. संपादकात जो इंटरप्रिटर निवडला असेल, त्याला तो पूर्ण पत्त्याने हाक मारतो. त्यामुळे सक्रियणाची आवश्यकता उरत नाही. निवड एका परिसराची आणि टर्मिनल दुसऱ्याचे, असे झाले की उत्तरे भिन्न होतात. याच्या उलट, आज्ञावलीने आतून ‘पायथन’ असे नुसते नाव घेऊन दुसरी आज्ञावली चालविली, तर तिचा शोध पुन्हा ‘पाथ’मधूनच होतो व सक्रियणाचा अभाव तेथे जाणवतो.

टर्मिनलच्या ओळीआरंभी दिसणारे परिसराचे नाव हा पुरावा मानू नये. सक्रियणाच्या संचिकेत फोल्डरचा मूळ पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर अन्यत्र हलविल्यास नाव पूर्ववत झळकते. परंतु पत्ता पोकळ ठरून संगणकाचा सामान्य पायथन चालू लागतो. विंडोजवरील पॉवरशेलमध्ये मूळ धोरणानुसार सक्रियणाची संचिका चालविण्यासच मनाई असते. ती मात्र लाल अक्षरांत स्पष्ट दिसते.

खरा धोका मूक दोषाचा आहे. समजा, एखादी आज्ञावली ‘रेजेक्स’ हे ग्रंथालय मिळाल्यास ते वापरते, एरवी पायथनच्या अंगभूत ‘आरई’वर समाधान मानते. ‘आरई’मधील शब्दवर्णांच्या व्याख्येत देवनागरीची स्वरचिन्हे बसत नाहीत. त्यामुळे ‘मराठी’ या एका शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. ‘रेजेक्स’ तो शब्द अखंड ठेवते. परिसर चुकला तरी तक्रार उमटत नाही. वारंवारितेचे कोष्टक मात्र समूळ चुकते.

उपाय सोपा आहे. इंटरप्रिटर निवडल्यावर जुने टर्मिनल बंद करून नवे उघडावे. हलविलेला परिसर दुरुस्त करीत न बसता नव्याने निर्माण करावा. पर्यायी ग्रंथालयाकडे गुपचूप वळण्याऐवजी आज्ञावलीने तेथेच थांबावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आज्ञावलीच्या पहिल्याच ओळींत ‘सिस’ या घटकाकडून चालू इंटरप्रिटरचा पत्ता छापून घ्यावा आणि तो निष्कर्षांसमवेत नोंदवावा. हस्तलिखिताची प्रत कोणती हे न सांगता दिलेला पाठ जसा अग्राह्य, तशीच परिसर न सांगता दिलेली गणनाही अग्राह्यच मानावी लागेल.